फळ्यावरची तिसरी जागा

मार्गशीर्षातली तिन्हीसांज. शेणाळे तलावावर धुक्याची पहिली पट्टी उठली होती, आणि पिळलेल्या कपड्यांची बादली कमरेवर घेऊन गोदा घराकडे निघाली होती. वाचनालयाच्या कोपऱ्यावर तिने सवयीने भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं.

फळा कोरा होता. कोरा नाहीतर काय असणार? त्यावर रोज लिहिणारे काळुराम मास्तर, म्हणजे गोदाचे आप्पा, दिवाळीच्या तोंडावरच गेले होते. वीस-बावीस वर्षं त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता. आजचा शब्द, आजचा दिवस, आणि खाली ‘ठाऊक आहे का?’. सगळं कल्याण गाव भाजी घेता घेता शहाणं होऊन घरी जायचं. आता फळा गप्प होता.

ती वळणार, तेवढ्यात फळ्यावर काहीतरी हललं.

हललं म्हणजे… उमटलं. काळ्याभोर लाकडातून एक अक्षर हळूच वर आलं. मग शेजारचं. मग आणखी एक. समोर माणूस नाही, हात नाही, खडू नाही—आणि अक्षरं आपली उगवताहेत! बरं, अक्षरं तरी कुणाची? ‘र’ची ती लांब शेपटी, ‘च’चं ते टपोरं पोट… आप्पांचीच!

बादली दाणकन खाली पडली.

“अहो, अहो—घाबरू नका! मी आहे, मी!”

वाचनालयाच्या दारातून एक उंच तरुण धावत आला. हात ओले, शर्टाच्या बाह्या वर, आणि नाकाच्या शेंड्यावर खडूचा पांढरा ठिपका. शाळेत नुकताच लागलेला चित्रकलेचा मास्तर, गोपीनाथ. गोदाने त्याला ओळखलं. आप्पांच्या हाताखालून गेलेला, खाडीकडच्या वाडीतला मुलगा.

“हे… हे आपोआप उमटतंय,” ती कशीबशी म्हणाली.

“आपोआप कसलं? आत्ताच लिहून हात धुवायला गेलो होतो. मास्तरांचीच रीत ना, खडू पाण्यात बुडवून लिहायचं. ओलं असतं तोवर दिसत नाही, वाळलं की पांढरंशुभ्र उठतं. तुम्हाला ठाऊक नाही?”

ठाऊक होतं तिला. पण भीती वाटते तेव्हा ठाऊक असलेलं सगळं आधी पळतं, मग आपण.

“आणि अक्षर?”

“छड्या खाऊन मिळवलंय. त्यांच्या हाताखालचे आम्ही सगळे असंच लिहितो.” तो तिचे मातीत पडलेले कपडे गोळा करू लागला. “तुम्हीही असंच लिहीत असाल की.”

“हो,” गोदा म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. “पण मला छड्या नाही पडल्या.”

“म्हणजे वशिला!”

ते परकर-पोलकं त्याच्या हातून ओढून घेताना तिची बोटं त्याच्या गार बोटांना लागली. एवढंच. पण तलावावरचं धुकं तिला घरापर्यंत कुठे लागलंच नाही. फळ्यावर मात्र त्या संध्याकाळी दोनच ओळी होत्या. आजचा शब्द: घमेलं, मूळ पोर्तुगीज. आजचा दिवस. खाली ‘ठाऊक आहे का?’ एवढंच लिहून जागा मोकळी सोडली होती.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? पोरगा बरा, पोरगी बरी, एकाच आगरी समाजातली. वाजवा सनई!

अडलं होतं कावळ्यापाशी.

दहाव्याला तलावाच्या काठी पिंड मांडले, आणि कावळा काही शिवेना. उंबरावर कावळे बसलेले, माना वाकड्या करून बघताहेत, पण एक खाली उतरेल तर शपथ. धाकूकाका, म्हणजे मास्तरांचे धाकटे भाऊ, हात जोडून म्हणाले, “दादा, वयनीला सांभालू.” कावळा नाही. “दादा, घराचा छप्पर करू.” नाही. उन्हं चढली. गोदाची आई ठमाबाई रडून रडून बसल्या जागी कलंडायला आली. तेव्हा काकांनी गोदाला पुढे ढकललं. “तुज्यावर जीव होता त्यांचा. बोल, ठान्याच्या घरी लगीन करीन म्हून.”

ठाण्याचं घर म्हणजे दौलतचं. मिठागरं, जमीन, दारात गाडी-बैल. दौलतच्या बापाने एकदा विषय काढला होता, आणि आप्पा ‘बघू’ म्हणाले होते. तेवढंच. पण आईचा चेहरा पाहून गोदा मोठ्याने बोलली, “आप्पा, ठाण्याच्या घरी मी नांदायला जाईन.”

आणि कावळा उतरला. झपकन. भाताला चोच लावून गेला.

संपलं. मेलेल्या माणसाने घेतलेला शब्द कोण मोडणार? वर्षाच्या आत लग्न उरकायचं, म्हणून माघातला मुहूर्त धरला. दौलत वाईट होता का? छे हो. एकदा पाहायला आला होता, तांदळाची भाकरी थापता येते का विचारून गेला. पण त्याच्या घरातल्या कोनाड्यांत पुस्तक सोडा, पंचांगसुद्धा नव्हतं, आणि गोदाला शब्द न मिळता एक दिवस गेला तर जेवण गोड लागत नसे.

तर अशी ही गोदा, लग्न ठरलेली, रोज तिन्हीसांजेला तलावावर धुणं घेऊन जाऊ लागली. घरात एवढं धुणं कुठून निघतं, असं तिच्या आईने एकदाही विचारलं नाही.

बारा डिसेंबरला फळ्यावर होतं, ‘आजच्या दिवशी बादशहाने राजधानी दिल्लीहून कलकत्त्याला हलवली.’

“उलटं लिहिलंय!” गोदा म्हणाली. “कलकत्त्याहून दिल्लीला. मुलांना काय शिकवता हो शाळेत?”

“चित्रं काढायला.” गोपीनाथने फडकं पुढे केलं. “करा दुरुस्त.”

दोन दिवसांनी पुन्हा चूक. चौथ्या दिवशी पुन्हा. सतरा तारखेला विमानाच्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली, तर याने लिहिलं शंभर.

“एवढ्या चुका माणूस करतो तरी कशा?”

“मुद्दाम,” तो फडक्याशी चाळा करत म्हणाला. “बरोबर लिहिलं तर तुम्ही… वाचून निघून जाता.”

गोदाचे कान तापले. काहीतरी खरमरीत बोलायला तिने तोंड उघडलं, पण शब्दांचा एवढा नाद असलेल्या मुलीला त्या वेळी एकही सापडेना. ती निघून गेली, आणि सगळी वाट मनात म्हणत राहिली, लबाड… लबाड कुठला!

पण गोदाचा जीव खरा जडला तो तिसऱ्या जागेवर.

गोपीनाथ संध्याकाळी दोन ओळी लिहायचा. तिसरी जागा मोकळी असायची. आणि सकाळी, आई भाजीची पाटी घेऊन बाजाराला निघाली की गोदा तिच्यासोबत कोपऱ्यापर्यंत यायची, तेव्हा तिथे एक ओळ असायची. ठमाबाईला अक्षर येत नव्हतं. मास्तर होते तेव्हा ते वाचून दाखवायचे, आता ती गोदाला म्हणायची, “काय लिवलाय गो आज?”

गोदा वाचायची. ‘आपण पाहतो तो तारा कदाचित केव्हाच विझला असेल. त्याचा प्रकाश मात्र अजून येत असतो.’

“बाय गो बाय,” आई नवलाने म्हणायची, आणि पाटी सावरत पुढे जायची.

एके दिवशी होतं, ‘शिंपला कानाला लावला की समुद्र ऐकू येतो. तो समुद्र नसतो, आपल्याच भोवतीचे आवाज असतात.’ आणि एके दिवशी, ‘कोकिळा आपलं अंडं कावळ्याच्या घरट्यात घालते. कावळा ते आपलंच समजून उबवतो.’ ते वाचून गोदा थबकलीच. म्हणजे कावळ्याचीही चूक होते? हे मलाच सांगतोय हा! ज्याला समोरासमोर बोलायचा धीर नाही, तो हे असं, जगाच्या डोळ्यांदेखत… तिला वाटलं, असा माणूस पुन्हा भेटायचा नाही. आणि माघ तर दारात आला होता.

काही गोष्टी मात्र तिला खटकायच्या. सकाळी फळ्याच्या खालच्या कडेवरून पाणी ठिबकत असायचं. इतक्या पहाटे गोपीनाथ खाडीकडून येतो कधी? धुळीत पावलं तर कधी दिसत नाहीत. आणि वाचनालयाच्या कौलांवर एक कावळा असायचा. ओरडायचा नाही, उडायचा नाही. ती वाचून संपवेपर्यंत थांबायचा आणि मग जायचा. तिने आपल्या मनाला दटावलं, वेडे, प्रेमात पडलीस की कावळासुद्धा पाळत ठेवल्यासारखा वाटतो.

संक्रांतीच्या संध्याकाळी दोघं तलावाकडे तोंड करून उभी होती. फळा त्यांच्या पाठीशी. त्यावर पानिपतची तारीख, या वेळी बिनचूक. गोपीनाथने कागदाच्या पुडीतून तिळगूळ काढला.

“घ्या. आणि गोड बोला… आजच्या दिवस तरी.”

“बोलते.” गोदाने तिळगूळ तोंडात टाकला. “माघात माझं लग्न आहे, ठाऊक आहे ना?”

“सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“मग ते लिहिणं बंद करा. तिसऱ्या जागेतलं. मला… मला सोसत नाही ते. रोज सकाळी वाचते नि दिवसभर—” ती थांबली. मग एकदम बोलूनच टाकलं. “ते वाचून मी तुमच्यात गुंतले हो!”

गोपीनाथ हसला नाही. त्याचा चेहरा उतरला.

“गोदा,” तो पहिल्यांदाच एकेरीवर आला, “ते तू लिहितेस ना?”

“मी?”

“मला सामान्यज्ञान कुठलं? म्हणून तर जागा मोकळी सोडली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर भरलेली. वळण मास्तरांचं. वाटलं, तूच. तुझंही तेच वळण ना! मी रोज शाळेला जाताना वाचायचो… मला वाटायचं, ती माझ्याशीच बोलतेय.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आणि त्यांच्या पाठीमागे आवाज आला. कर्र… कर्र… कर्र.

फळ्यावर खडू चालतो तेव्हाचा.

गोपीनाथने तिचा हात पकडला. वळायला दोघांनाही जरा वेळ लागला. ओटा रिकामा होता, दाराला कुलूप होतं. वाऱ्याची झुळूक नाही. फळ्याचा खालचा भाग तेवढा ओला दिसत होता, आणि त्यातून अक्षरं एकेक करून वर येत होती. ‘प्रत्येकाच्या डोळ्यात एक जागा आंधळी असते. ती रिकामी दिसत नाही, कारण मन ती भरून काढतं.’

“आप्पा,” गोदा म्हणाली. भीतीने नव्हे, नुसतं हाक मारावी तसं. कौलांवरचा कावळा उडून गेला.

मग गोपीनाथ तिचा हात न सोडताच म्हणाला, “एक सांगायचं राहिलंय. दहाव्याला मी मागे उभा होतो. तू पुढे झालीस ना, त्याच वेळी मीही मनात म्हणालो होतो, मास्तर, फळा मी चालू ठेवीन. आणि कावळा उतरला.”

“त्याच वेळी?”

“तुझं वाक्य संपायच्या आत.”

गोदाने मोकळ्या कौलांकडे पाहिलं. मग तो आला कुणाच्या शब्दाला?

हे सगळं तिने त्याच संध्याकाळी चुलीपाशी आईला सांगितलं. काही लपवलं नाही, गोपीनाथचं नावसुद्धा. ठमाबाई भाकरी उलथायची थांबली. भाकरी करपली, तरी तिचं लक्ष नाही.

“पोरासाठी बापाला भूत करतेस गो?” ती शेवटी म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

“खोटं नाही आई. चल, तूच बघ.”

ठमाबाईने विचार केला. “बरा. उद्या फटफटायला जाऊ. तो पोरगा पन येऊ दे, दोगं माज्या डोल्यासमोर बसा. खडू माज्यापाशी. ते आले नाय, तर तू ठान्याला जायची. आले आनि ठान्याच्या लगनाचा लिवला, तरी ठान्याला जायची. कबूल?”

“आणि लग्नाचं नाही लिहिलं तर?”

“तवाचं तवा बघू.”

“कबूल,” गोदा म्हणाली. दुसरा इलाज होता कुठे?

पहाटे खाडीवरून असं धुकं आलं होतं की समोरचा माणूस ओळखू येईना. ठमाबाईने स्वतःच्या पदराने तिसरी जागा पुसली, हात लावून कोरडी असल्याची खात्री केली. वाचनालयातले सगळे खडू गोळा करून पदरात बांधले, गाठ मारली. मग तिघं समोरच्या पायरीवर बसली, आई मधे, ही दोघं दोन बाजूंना. गोपीनाथ थंडीने कुडकुडत होता. निदान तो तरी थंडीच म्हणाला.

धुकं दाटलं. फळा दिसेनासा झाला, ओटा दिसेनासा झाला. कुत्री भुंकायची थांबली. कुठूनतरी ओल्या खडूचा वास आला, आणि मग तो आवाज. कर्र… कर्र… सावकाश, घाई नसलेल्या माणसाचा. मधेच थांबला, आणि कुणीतरी खाकरल्यासारखं झालं.

ठमाबाईने गोदाचं मनगट असं आवळलं की तिथे वळ उठले. ते खाकरणं तिने जन्मभर ऐकलं होतं.

उजाडलं तसं धुकं विरळ होत गेलं. फळ्यापाशी कुणी नव्हतं. ठमाबाई उठली, पुढे गेली, आणि तिसऱ्या जागेवर बोट टेकवलं.

“वला हाय,” ती पुटपुटली. मग तिने पदराची गाठ सोडली. आतले खडू कोरडे होते. एक सोडून.

अक्षरं अजून वर आली नव्हती. ठमाबाई वेड्यासारखी पदराने फळ्याला वारा घालू लागली. गोदा शेजारी उभी राहून पाहत होती, आणि तिच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. आईला वाचता येत नाही. मी काहीही वाचलं तरी चालणार आहे. ‘पोरीला तिच्या मनासारखं करू द्या,’ एवढं म्हटलं की सुटले! गोपीनाथ थोडाच सांगणार आहे? आणि खाली खरंच ठाण्याचं निघालं तर?

पहिलं अक्षर उजळलं. मग ओळ.

“वाच गो.”

गोदाने वाचलं, मनात. पुन्हा वाचलं. तिने गोपीनाथकडे पाहिलं, तर तो खाली मान घालून उभा. तू म्हणशील ते, असंच जणू.

“वाच ना गो! काय बोल्तान ते?”

आणि गोदाने आहे तेच वाचलं. “‘मुंगसाला सापाचं विष बाधत नाही असं म्हणतात, ते पुरतं खरं नाही. बाधतं, पण कमी. त्याचं खरं बळ चपळाईत असतं.’”

ठमाबाईने फळ्याकडे वाकून पाहिलं.

“मुंगूस?” ती म्हणाली.

“हो.”

“आनि लगनाचा?”

“लग्नाचं काही नाही, आई.”

“माज्याबद्दल? घराबद्दल? छप्पर गलतंय त्याचा?”

“एवढंच आहे. मुंगूस.”

ठमाबाईने दोन्ही हात कमरेवर ठेवले. आता रडणार असं वाटलं, आणि ती हसली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडाने हसणं, दोन्ही एकदम.

“मेला तरी मानूस बदलला नाय! जन्मभर मी म्हनायची, पोरगी उजवायला झाली, कायतरी बघा. तर म्हनायचे, थांब गो, फळ्याचा राह्यलाय. पोरीच्या लगनासाठी हे कावल्याला अडवून बसतील?” तिने फळ्याकडे बोट केलं. “ह्यासाठी बसले होते हे. ह्या मेल्या फळ्यासाठी! आनि मी येडी, पोरीला ठान्याला धाडीत होते.”

“आई…”

“धाकूभावजींना मी सांगीन. ठान्याच्यांना पन मीच सांगीन. चार दिवस बोलतील, मंग थकतील.” तिने नाक पुसलं, आणि मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. “आनि तू तिकडं गेलीस, तर हे रोज काय लिवतान ते मना कोन वाचून दावील गो?”

गोदाने आईला मिठी मारली. आईच्या खांद्यावरून तिला गोपीनाथ दिसत होता, धुक्यात अर्धा, नाकावर खडू नसलेला, आणि तरी तिला त्याच्या नाकावर खडू दिसत होता. तो डोळ्यांनीच काहीतरी म्हणाला. तिला ते कळलं.

ठमाबाईने पदर सारखा केला, पायरीपाशी ठेवलेली भाजीची पाटी डोक्यावर घेतली, आणि जाता जाता त्याच्यासमोर उभी राहिली.

“तुजा घर कुठं रे पोरा?”

“खाडीकडे. देवळाच्या मागे.”

“चालत किती लांब?”

“लांब नाही हो. हाक मारली तर ऐकू येतं.”

“मंग ठीक हाय,” ठमाबाई म्हणाली, आणि बाजाराच्या वाटेला लागली.